कालचं एक वाक्य

"काल काय झालं, ते एका वाक्यात सांगायचं," मोनाली मॅडम म्हणाल्या. "क्रियापद भूतकाळी. चुकलं तरी चालेल, थांबायचं नाही."

अमरावतीतल्या त्या माडीवरच्या इंग्रजीच्या क्लासात दुपारी बायकाच असायच्या. फक्त दाराजवळच्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर साधनाचा नवरा गजेंद्र बसलेला असे, मांडीवर हेल्मेट घेऊन. नांदगाव पेठहून तो तिला गाडीवर आणायचा आणि क्लास सुटेपर्यंत तिथंच बसायचा. "मी काई बोलत नाई मॅडम," त्यानं पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, "मले इंग्रजी येतबी नाई." बोलत तो खरंच नसे. नुसता पाहत असे.

पहिल्यांदा केशरबाई उठल्या. पुण्याच्या नातवाशी बोलता यावं म्हणून त्या या वयात क्लासला येत. "यस्टर्डे आय वॉश क्लोथ्स."

"वॉश्ड."

"वॉश्ड," केशरबाईंनी शेवटचा ड जिभेनं ठोकून बसवला. सगळ्या हसल्या. वकिलांची बायको सुमेधा तर डोळे पुसेपर्यंत हसली.

साधना हसली नाही. हसलं की बरगडीखाली कळ येत होती.

तिचं वाक्य तयार होतं. आय वॉटर्ड द फ्लॉवर्स. गाडीवर गजेंद्रच्या पाठीमागं बसून ती तेच घोकत आली होती. शेवंतीला काल तिनं पाणी दिलंही होतं. तिची पाळी आली, ती उभी राहिली, आणि पाणी देतानाचं आठवता आठवता पुढचंही आठवलं. तोडलेल्या फुलांची टोपली उन्हात राहून गेली होती.

"यस्टर्डे," ती म्हणाली. "यस्टर्डे माय हजबंड बीट मी."

मॅडमचं तोंड फळ्याकडे होतं आणि कान फक्त क्रियापदाकडे. "व्हेरी गुड! बीटचं भूतकाळातही बीटच राहतं. रोजचं असतं तर बीट्स म्हणावं लागलं अस..."

हात फळ्यावरच थांबला.

गजेंद्रला त्यातल्या दोनच गोष्टी कळल्या होत्या: हजबंड आणि व्हेरी गुड. तो खुर्चीत पुढं सरकला. चेहरा खुलला होता. "माह्याबद्दल म्हनलं वाट्टे तिनं. काय म्हने, मॅडम?"

मॅडम वळल्या. त्यांनी साधनाकडे पाहिलं, मग त्याच्याकडे. "त्या म्हणाल्या... काल तुम्ही त्यांना..." त्या अडखळल्या. "मदत केली. शेतात."

"हाव," गजेंद्र हसला. "करावंच लागते."

एवढ्यावर निभत होतं. खाली बसायचं, तास सुटला की गाडीवर मागं बसायचं. तो खुशीत होता. वाटेत रसवंतीवर थांबलाही असता. मॅडम आपल्यासाठीच खोटं बोलल्या, हेही साधनाला कळत होतं. ती बसायलाच लागली होती. पण 'करावंच लागते' हे त्यानं कालही म्हटलं होतं. याच आवाजात, सासूबाईंनी त्याचा हात धरला तेव्हा.

"मदत नाई," ती म्हणाली. या वेळी मराठीत. "काल तुमी मले मारलं. ते सांगतलं मी."

खुर्ची कर्रकन मागं सरकली. गजेंद्र उभा होता. "चाल."

ती हलली नाही.

"घरातली गोष्ट हाये. चार बायांत काहून सांगून राह्यली? चाल म्हनतो ना!"

तो बाकांमधल्या वाटेत शिरला. केशरबाईंनी आपली पिशवी उचलून वाटेत ठेवली आणि पिशवीपुढं पाय लांब केले.

"तास सुरू हाये भाऊ," त्या म्हणाल्या. "तुमी खाली थांबा."

त्यानं केशरबाईंकडे पाहिलं, मॅडमकडे पाहिलं, मग एकेका बाईकडे. मान खाली घातलेली एकही नव्हती. हेल्मेटचा पट्टा त्यानं मुठीत आवळला. "ये तू घरी, पाहतो मंग," तो साधनाला म्हणाला आणि धाडधाड जिना उतरला.

खाली गाडी सुरू झाली. गेली मात्र नाही. हॉर्न वाजला. थांबला. पुन्हा वाजला.

साधना खाली बसली. बाकाची कड तिनं दोन्ही हातांनी घट्ट धरली.

"आज माह्या घरी चाल," केशरबाई पुढं पाहतच हळू आवाजात म्हणाल्या. "उद्या तुह्या माहेरी जाऊ. मीबी येईन संगं."

साधनानं मान डोलावली.

मॅडमनी जाऊन खिडकी लावून घेतली. हॉर्न बारीक झाला, पण येतच राहिला. "नेक्स्ट," त्या म्हणाल्या. काहीतरी म्हणायला हवं म्हणून म्हटलेलं.

पुढची पाळी सुमेधाची होती. हातातल्या बांगड्या सारख्या करत ती उठली.

"यस्टर्डे," ती म्हणाली, आणि थांबली. सुमेधाची नजर साधनाच्या पाठीवर होती.

"नाही मॅडम," ती म्हणाली. "एव्हरी डे."