शिफारशीचा रकाना

हेलिकॉप्टर शिकायच्या अर्जावर कर्नल घोरपड्यांची शिफारस हवी होती आणि आजची तारीख शेवटची होती. लेफ्टनंट निनाद खांडेकरने मेसचा कारभार घेतल्यापासून साहेब जेवायला वेळेआधी येत. असा माणूस सोडायचा कशाला, म्हणून त्यांनी अर्ज दोनदा परत पाठवला होता. मग पंधरा दिवस मेसमधली आमटी पाणचट झाली, वांगी कच्ची राहिली.

“खांडेकर, हे मुद्दाम करतोस ना?”

“हो, सर.”

“वर रोज विचारतोस, जेवण कसं झालं. चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलत नाही तुझ्या.”

निनादला उरलेली नोकरी भाजी निवडण्यात जाताना दिसली.

कर्नलांनी पेन उचललं आणि रकान्यात लिहिलं, ‘बिकट प्रसंगी डोकं शांत ठेवतो.’

“झाली सही. आता तरी मटण कर, बाबा.”

“सकाळपासून शिजतंय, सर.”