टाकीतलं पाणी

मीटरवर आकडा उमटला. उमटायला नको होता.

निशिगंधाने काचेच्या ग्लासात तांब्याच्या दोन तारा सोडल्या होत्या. ग्लासात होतं ट्रॅक्टरच्या टाकीच्या तळातून काढलेलं डिझेल. तारा वर होत्या तोवर मीटर ढिम्म होतं, कारण डिझेलमधून वीज जात नाही. तारा तळाला टेकल्या आणि आकडे हलू लागले. डिझेलच्या खाली पाणी होतं.

"पाह्यलं?" पुंडलिकराव म्हणाले. "मी काय म्हणत होतो?"

ते काय म्हणत होते हे साऱ्या गावाने ऐकलं होतं. आठ दिवसांत ट्रॅक्टर तीनदा बंद पडला, तिसऱ्यांदा तर कापसाची ट्रॉली घेऊन भर आर्णीच्या रस्त्यावर. त्याच संध्याकाळी चौकातल्या पानठेल्यावर, दहा माणसांदेखत, पुंडलिकराव बोलून गेले की देवीलाल डिझेल विकतो अन् टाकीत पाणी ओततो. उचलली जीभ, लावली टाळ्याला! देवीलाल तिथेच उभा होता. हातातलं पान त्याने ठेल्यावर ठेवलं आणि तांड्याची वाट धरली.

चौदा वर्षं तो पुंडलिकरावांचा ट्रॅक्टर चालवत होता. ड्रायव्हरजवळ असतं काय? दोन हात आणि एक नाव. हातांना काम कुठेही मिळतं, पण डिझेलचोर म्हणवलेल्या माणसाच्या हाती किल्ली कोण देणार? बायको म्हणाली, सोडून द्या, दुसरा मालक पाहू. तो म्हणाला, आता सोडलं तर लोकांना खरंच वाटेल. म्हणून आर्णीत मोटार वायंडिंगचं दुकान चालवणाऱ्या निशिगंधाला त्यानेच फोन करून बोलावलं होतं. पोरगी मोजल्याशिवाय बोलत नाही, असा तिचा लौकिक. आता तिचं मोजणंच त्याच्या अंगावर उलटलं होतं. त्याला भडभडून आलं, पण मालकापुढे डोळ्यांतून टिपूस काढायचं नाही, एवढं त्याने घरूनच ठरवलं होतं.

पुंडलिकराव माणूस वाईट नव्हते हो. फक्त संशयी होते, आणि संशयाला औषध नाही. डिझेलचा कॅन त्यांच्या खोलीत कुलपात असायचा. रोज सकाळी स्वतःच्या हाताने पाच लिटर टाकीत ओतायचे, संध्याकाळी आत काडी बुडवून पाहायचे. टाकी कधी चवथाईच्या वर गेली नाही. भरली टाकी म्हणजे चोराला आवतण, असं चारचौघांत छाती काढून सांगायचे.

निशिगंधा तारा पुसू लागली. देवीलाल त्या तारांकडे बघत राहिला आणि त्याला बॅटरी आठवली. बॅटरीत बोरचं पाणी घालायचं नसतं, हे ड्रायव्हरला पहिल्याच वर्षी कळतं. या गावच्या बोरचं पाणी तर इतकं जड, की चहाच्या पातेल्याला महिनाभरात पांढरा थर चढतो. त्याने पाणी ओतलंच असतं तर हेच ओतलं असतं. गावात दुसरं पाणी होतंच कुठे?

"ताई," तो हळू म्हणाला, "जरा बोरचं पानी बी मोजून पाहा ना."

पुंडलिकराव हसले. पाणी ते पाणी, त्यात काय मोजायचं, म्हणाले. निशिगंधा मात्र थबकली. तिने बोरचं पाणी मागवलं आणि त्याच तारा, तेवढंच अंतर ठेवून, त्यात बुडवल्या. आकडा अठरावर थांबला. मग तिने ग्लासाच्या तळचं पाणी सिरिंजने वेगळं काढलं आणि ते मोजलं. आकडा चारशेच्या पुढे गेला. तिने पुन्हा मोजलं. पुन्हा तेच.

मग तिने समजावून सांगितलं. आकडा जेवढा मोठा, तेवढी विजेला अडचण जास्त. बोरच्या पाण्यात क्षार असतात, म्हणून वीज त्यातून सहज जाते. टाकीतल्या पाण्यात क्षार जवळपास नव्हतेच. ते पाणी जमिनीतून निघालेलं नव्हतं.

"मंग काय आभायातून पडलं?" पुंडलिकराव चिडून म्हणाले.

निशिगंधाने टाकीचं झाकण काढलं आणि आत मोबाइलचा उजेड टाकला. डिसेंबरची सकाळ होती, पत्र्याला हात लावला तर बोटं गारठत होती. टाकीच्या आत, वरच्या पत्र्याला, थेंबच थेंब लटकलेले होते. तिघेही वाकून पाहत असतानाच त्यातला एक सुटला आणि खाली डिझेलमध्ये पडला.

"टाकी दिवसा तापते, रातच्यानं गार पडते," ती म्हणाली. "रिकाम्या जागेतल्या हवेचा ओलावा पाणी होऊन टिपकते, काका. टाकी भरून ठेवली असती तर हवेले जागाच नव्हती."

पुंडलिकरावांनी झाकण लावलं आणि देवीलालला म्हणाले की फिल्टर बदलून घे, अन् उद्यापासून टाकी फुल ठेवत जा. त्यांच्या लेखी विषय संपला होता.

देवीलाल जागचा हलला नाही. "भाऊ," तो म्हणाला, "तुमी चौकात बोलले होते."

एवढंच. पुढे त्याने काही मागितलं नाही. पुंडलिकरावांनी जन्मात कधी शब्द मागे घेतला नव्हता, बायकोपुढे नाही की भावकीपुढे नाही. त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी खांद्यावरचा दुपट्टा सारखा केला आणि चौकाकडे चालू लागले. देवीलाल नेहमीसारखा दोन पावलं मागे होता. चौक दिसू लागला तसे ते थांबले, त्याला बरोबरीला येऊ दिलं आणि मग पुढे निघाले.

पानठेल्यावर सकाळची गर्दी होती. बरीचशी तोंडं त्या संध्याकाळचीच.

"आयका रे," पुंडलिकराव म्हणाले. "माह्या टाकीत पानी मीच टाकून राह्यलो होतो."