प्रवाळांची ऊब

एका प्रवाळप्रेमी गृहस्थाचे वृत्त येथे यथामती कथन करीत आहे.

आजारी आईच्या खोलीत ठेवलेल्या काचेच्या टाकीतील जिवंत प्रवाळांस ऊब मिळून ती झपाट्याने वाढावीत, म्हणून गृहस्थांनी त्या खोलीच्या खिडक्या फटींसकट बंद केल्या आणि गॅसची शेगडी अहोरात्र पेटती ठेवली. तथापि प्रवाळे मिटू लागली.

"माझे नाही पुरवलेत कधी एवढे चोचले!" पत्नी हसून म्हणाली.

गृहस्थांनी पुन्हा पाणी तपासले. "अगं, पाण्यात मी काहीच वावगं घातलेलं नाही. या खोलीतली हवाच बिघडलीये, तीच पाण्यात उतरतेय."

पत्नीचे हसू मावळले. तिने सासूबाईंच्या पलंगाकडे पाहिले.

"अहो, आईंना हाक मारा बघू. सकाळपासून त्या एकदाही खोकल्या नाहीत."

वाचकांचा ऋणी,
तात्या टाकीवाला