हरलेली मॅच

"काका, बाबा गायचे? आई म्हणाली, या कॅसेटमध्ये आहेत." दादाच्या तेराव्यानंतर पुतणीने विचारलं, तसा निरंजनचा चेहरा उतरला.

कॉलेजच्या गॅदरिंगला दादाने गिटारवर तीन रॉक गाणी म्हटली होती, त्याचं हे एकमेव रेकॉर्डिंग. कुणी पुसू नये म्हणून त्याने कॅसेटच्या कडेची पट्टी तोडून ठेवली होती. पण एकदा रेडिओवर मॅच रंगली, आपल्याला जिंकायला वीसच धावा हव्या होत्या, आणि तो विजय टेप करायला दुसरी कॅसेट सापडेना. दहा वर्षांच्या निरंजनने भोकावर चिकटपट्टी लावली आणि बटण दाबलं. दादा रागावला नाही. त्याने गिटार माळ्यावर टाकली, ती कधीच खाली काढली नाही. कॅसेटही पुन्हा कुणी लावली नाही.

आता पुतणीने ती लावली आणि कॉमेंट्री सुरू झाली. निरंजनला पुतणीकडे बघवेना. शेवटची विकेट पडली. त्या दिवशी याच क्षणी रडत त्याने टेप बंद केला होता, जेवलाही नव्हता.

खट्ट आवाज झाला आणि मधूनच दादा गाऊ लागला. अर्धं गाणं उरलं होतं.

पुतणी कान देऊन ऐकत राहिली. त्या दिवशी आपण जिंकलो असतो, तर निरंजनने सगळा जल्लोष टेप केला असता.