गेटजवळचा खांब

"बाबा माझ्या एकाही मॅचला आले नाहीत, तायडे! मग खांबावर चान्स कशाला घालवतेस?" जयसिंग ओरडला.

"यायचे. गेटजवळच्या खांबाला टेकून उभे राहायचे," मालन म्हणाली.

चार वाजता स्टेडियम पाडणार होते. सर्कस, सभा, कबड्डी, साठ वर्षांचे आवाज त्या काँक्रीटमध्ये मुरले होते. ते काढायचं मशीन प्रत्येक घराला एकदाच मिळायचं, आणि एकदा ऐकलेला आवाज कायमचा पुसला जायचा. जयसिंगला पायऱ्यांवरचा जल्लोष हवा होता, त्याच्या फायनलचा.

"तुला फक्त स्वतःचं नाव ऐकायचंय!" मालनने फायनलची तारीख टाकली आणि मशीन सरळ खांबाला लावलं.

"अगं, थांब!"

नुसती खरखर. जयसिंगने घड्याळ पाहिलं. दहाच मिनिटं उरली होती.

मग शिट्टी वाजली, आणि अगदी जवळून, दबक्या आवाजात, कुणीतरी एका दमात म्हणायला लागलं, "कबड्डी, कबड्डी, कबड्डी..."

त्या फायनलमध्ये तेव्हा जयसिंग चढाईला गेला होता. त्याच्यासोबत बाबांनी इथे दम धरला होता.

शेवटी मोठा श्वास सुटला.

"आला पोरगा परत. चला, निघायला हवं आता, शिफ्ट चुकेल."