शाबूत वाट

"तुमच्या हाताकडे जाणारी वाट शाबूत आहे," पडद्यावरच्या मेंदूच्या चित्रावर बोट ठेवत डॉक्टर म्हणाले. "पहिल्या स्कॅनमध्येही होती. पक्षाघाताचा झटका सौम्य आहे, लगेच व्यायाम केला तर हात पूर्ववत होईल, असं मी यांना तेव्हाच सांगितलं होतं." ती नवऱ्याकडे बघतच राहिली. हात गेला तो गेला, असं डॉक्टर म्हणाल्याचं त्याने सांगितलं होतं. म्हणूनच वर्षापूर्वी तिने कापड बेतायची कात्री धाकट्या जावेला देऊन टाकली. "अहो, का?" तो पुटपुटला, "त्या शिवणाच्या दुकानापायी तू घरात सापडायची नाहीस. आजारपणात बटण लावायलासुद्धा मला हाक मारायचीस. बरं वाटायचं गं." ती डॉक्टरांकडे वळली. "आता उशीर झाला, डॉक्टर?" "झालाय. तरी हात थोडाफार सुधारेल." नवऱ्याने सवयीने तिच्या सुटलेल्या बटणाकडे हात नेला. तिने तो झिडकारला. "व्यायाम आजच शिकवा. आणि यांना आधी बाहेर पाठवा."