नवशिकीचा अल्बम

मैत्रिणीच्या लग्नाचे फोटो काढायची तिची ही पहिलीच वेळ. कॅमेरा गळ्यात अडकवला तोच नवरदेवाच्या आई कानाशी लागल्या, “नवरीच्या आईला फोटोत घेऊ नकोस हं. ते तोंडावरचे कोडाचे डाग उगाच अल्बमभर दिसत राहतील.” तिनं मान डोलावली.

महिन्याभरानं अल्बम उघडला आणि नवरदेवाच्या आईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. सांगितल्याप्रमाणे नवरीची आई कुठेच नव्हती. पण त्या स्वतःही नव्हत्या! कुठे नुसतं कोपर, कुठे पर्सचा पट्टा.

“अगं, हे काय करून ठेवलंस?”

“नवशिकी आहे ना, काकू,” ती त्यांच्या डोळ्यांत बघत म्हणाली, “एका विहिणीला वगळून दुसरीला घेणं अजून जमत नाही मला.”